आठव्या दिवसाचा साचा

लोक त्याला कवळीवाला म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. दंतवैद्यांच्या दवाखान्यांतून त्याच्याकडे मापं यायची. त्या मापांत तो प्लॅस्टर ओतून जबडे तयार करायचा, जबड्यांवर मेणात दात लावायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी शिजवून, घासून, चकचकीत करून कवळी परत पाठवायचा. एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, एक घासायचं यंत्र, एक प्रेशरचं भांडं आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर जबडे ठेवलेले असायचे, प्रत्येकाच्या बुडाला टोकदार खिळ्याने तारीख कोरलेली. एकोणीस वर्षं हेच काम. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं हसू त्याच्या हाताखालून गेलं होतं, पण त्यांतल्या एकाचंही तोंड त्याने उघडून पाहिलं नव्हतं. तोंडं डॉक्टरांची. त्याच्याकडे यायचा तो साचा.

रस्त्यात कुणी वयस्कर माणूस ओळखीचं हसला, तर हा आधी त्याची वरची कवळी सरळ बसली आहे का ते बघायचा आणि मग हसायचा. बायको यावरून त्याची फिरकी घ्यायची.

"मला बघायला आलास तेव्हाही दातच बघितले असशील."

"समोरचे सहा बघितले. दाढांचा अंदाज नंतर आला."

बायको एका रक्ततपासणीच्या केंद्रात खिडकीवर बसायची. लोकांना रिपोर्ट द्यायचं काम. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मुलाचा विषय घरात कुणी काढेनासं झालं होतं, तेव्हा तिला दिवस गेले.

मुलगी झाली. सिस्टरने दुपट्यात गुंडाळून आणली आणि त्याच्या हातात देताना जरा जास्तच सावकाश दिली. वरचा ओठ डाव्या बाजूला थेट नाकपुडीपर्यंत उभा दुभंगलेला होता. त्याने बराच वेळ बघितलं.

"टाळू?" त्याने विचारलं.

"टाळूही," सिस्टर म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

त्याच्या सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना रडू फुटलं ते नातीच्या ओठापेक्षा या 'बरं'मुळे जास्त. "बरं काय म्हणतात हे जावईबापू," त्या नंतर लेकीजवळ म्हणाल्या, "जशी काही कुणी ऑर्डर दिली आहे." लेक उशीला टेकून बसली होती. तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "आई, तो घाबरला की एकच शब्द बोलतो. तो दुसऱ्यांदा 'बरं' म्हणाला असता तर मीच घाबरले असते."

सर्जन बाहेरगावचे होते. दर दोन महिन्यांनी मोठ्या इस्पितळात चार दिवस यायचे आणि अशीच मुलं बघायचे. त्यांनी समजावून सांगितलं. आधी ओठ, टाळू वर्षाच्या आसपास. दोन्ही नीट होतं. पण भूल द्यायची तर बाळाचं वजन पाच किलो हवं. तुमची मुलगी जवळजवळ चार महिन्यांची होईल तेव्हा मी येईन, तोवर पाच किलो करून आणा. नाही झालं तर पुढे दोन महिने थांबावं लागेल, आणि मग टाळूचंही पुढे जाईल, बोलणंही पुढे जाईल.

मुलगी होती दोन किलो नऊशे. पहिल्या आठवड्यात दोन सातशेवर आली. टाळू उघडी असली की बाळाला ओढून पिता येत नाही. तोंडात पोकळी धरतच नाही, आणि चमच्याने घातलेलं निम्मं दूध नाकातून बाहेर येतं. बापाने तिचं नाव ठेवण्याआधी टोपणनाव ठेवलं, पावशेर. सासूबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

"अहो, अशाने खरंच वाढायची नाही ती."

"वाढली की बदलू, आई. शेर करू."

अशा बाळांना टाळूवर बसेल अशी एक पातळ प्लेट करून देतात. ती वरचं भोक झाकते, मग बाळाला बाटली चोखता येते. इस्पितळातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आठव्या दिवशी पावशेरच्या तोंडाचं माप घेतलं. शहरात हे काम करणारं दुसरं कोण होतं? माप आलं ते कवळीवाल्याकडेच. मोठ्यांच्या जबड्यांच्या फळीवर त्याने एक साचा ठेवला, अक्रोडाच्या अर्ध्या टरफलाएवढा, मधोमध चीर असलेला. बुडाला तारीख कोरायला जागा पुरेना, म्हणून त्याने ती कडेला कोरली. त्या दिवशी त्याने दुसरं काहीच केलं नाही. प्लेट झाली, नखाएवढी जाड. एका टोकाला बारीक भोक पाडून त्यात दोरा ओवला, चुकून घशाकडे सरकली तर ओढून काढता यावी म्हणून. डॉक्टरीणबाईंनी ती बसवली आणि म्हणाल्या, "दर तीन आठवड्यांनी दाखवायला आणायची."

घरात मग एक वाटणी झाली. दूध तिचं, पाजणं त्याचं. ती छातीला यंत्र लावून दूध काढायची, त्यालाच दिवसाचे कितीतरी तास जायचे. पाजायला तिने करून पाहिलं होतं. पण नाकातून दूध आलं, बाळ ठसकलं, निळसर झालं, की तिचे हात थरथरायचे, आणि हात थरथरले की बाळ आणखी ठसकायचं. त्याचे हात थरथरत नसत. बारीक वस्तू न हलवता धरणं याचाच तो पगार घेत आला होता. त्याने दवाखान्यांना कळवलं की काही महिने निम्मंच काम घेईन. सकाळी सातचं पाजून तो सायकलवर जायचा, दहाला परत, एकला परत, चारला परत. नखं मुळापासून कापलेली, हात कोपरापर्यंत ब्रशने घासलेले. तरी मनगटाच्या सुरकुतीत थोडं प्लॅस्टर राहायचंच. बाळाला डाव्या हातावर जवळजवळ उभं धरायचं, प्लेट कोमट पाण्यातून काढून अंगठ्याने वर दाबायची, दोरा गालावर बाहेर. मग मऊ बाटली. ती गिळते कधी ते घशाकडे बघत राहायचं आणि त्या तालात बाटली हळूच दाबायची. घाई केली तर ठसका, आळस केला तर ती झोपून जाणार. साठ मिलीला चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत तो तिच्याशी बोलायचा. त्याला बाळांशी बोलायचं काही येत नव्हतं, म्हणून दिवसभरात जे घडलं तेच सांगायचा.

"आज एक मोठ्ठा जबडा आला बघ, पावशेर. खालचा. हिरडी म्हणशील तर कागद. त्यावर चौदा दात उभे करायचे म्हणजे वाळूत खांब रोवणं आहे. आजोबा म्हणतात, मला चणे खायचेत. आता काय सांगणार त्यांना?"

सासूबाई आतून ऐकत. महिन्याभरासाठी म्हणून त्या लेकीकडे आल्या होत्या, आता तिसरा लागला होता. "पोरीला काऊ-चिऊच्या गोष्टी सांगायच्या सोडून कवळ्यांच्या गोष्टी," त्या म्हणायच्या. पण बोलताना त्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या, आणि एकदा तर म्हणाल्या, "मग खाल्ले का चणे त्यांनी?"

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं रोज वाजायचं. बाळाला बाहेर न्यायचं झालं की सासूबाई दुपट्याचं टोक तिच्या तोंडावर ओढायच्या. वारा लागतो, ऊन लागतं, धूळ आहे. तो जिन्यात पोहोचेपर्यंत ते टोक खाली करायचा. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू दारातच भेटल्या. वाकून बघितलं आणि त्यांचा हात आपसूक तोंडावर गेला.

"अगंबाई. हे काय झालं?"

"ओठ शिवायचा बाकी आहे, काकू," तो म्हणाला. "तारीख घेतली आहे."

पँटची शिलाई उसवली असती तरी त्याने याच आवाजात सांगितलं असतं. काकूंनी हात खाली घेतला. त्या म्हणाल्या, "डोळे छान आहेत हो," आणि ते खरंच होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी विषय काढला. "लोकांना कशाला सांगत बसायचं? आमच्याकडे तर सात पिढ्यांत कुणाला असं नव्हतं."

"सात पिढ्यांचे फोटो आहेत तुमच्याकडे?" लेकीने आतून विचारलं.

"तू मध्ये पडू नकोस. मी काय परकी म्हणून बोलते का? आपलेच दात आणि आपलेच..." सासूबाई तिथेच थांबल्या. पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर येईना. जावयाने मान खाली घातली. तो हसू दाबत होता हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. मग लेक हसली, आणि शेवटी सासूबाईही पदराआड हसल्या. त्या दिवसापासून दुपट्याचं टोक पूर्वीइतकं वर जाईनासं झालं.

दर शनिवारी वजन. इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत काटा होता. तीन दोनशे, तीन साडेचारशे, तीन सातशे. महिना झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्लेट बघितली, कडेला थोडी घासली, ठीक आहे म्हणाल्या. तीन नऊशे पन्नास. चार शंभर. सिस्टर कार्डावर टिंब काढायची आणि टिंबांची रेघ वर चढत जायची. बाप ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि कामाच्या टेबलावर दिव्याला टेकवून उभं करायचा.

मग एका शनिवारी चार एकशे वीस झालं. त्याच्या पुढच्या शनिवारी चार ऐंशी.

"कमी झालंय," सिस्टर म्हणाली. मुलांच्या डॉक्टरांनी छाती तपासली, पोट तपासलं. आजार काही नव्हता. "दूध पोटात जात नाहीये," ते म्हणाले. सहा आठवडे उरले होते.

दूध जात नव्हतं हे बापाला आधीच ठाऊक होतं. आठ-दहा दिवसांपासून नाकातून पुन्हा दूध यायला लागलं होतं. प्लेट मागच्या बाजूने गच्च बसत नव्हती, किंचित डुगडुगायची. बाळ दोन घोट घ्यायचं, मान फिरवायचं आणि किंचाळायचं.

"सैल झाली," तो म्हणाला.

त्याने हे क्षणभरही विचार न करता म्हटलं. एकोणीस वर्षांत परत आलेल्या प्रत्येक कवळीबरोबर चिठ्ठीवर हेच असायचं: सैल, भरून द्या. म्हातारी हिरडी दरवर्षी थोडी झिजते, कवळीखाली जागा होते, कवळी हलते, घास आत जातो. उपाय एकच, हिरडीकडच्या बाजूला भर घालायची. त्याने प्लेट नेली, साच्यावर बसवून कडेला बारीक थर दिला, घासून आणली. बाळ जास्त किंचाळलं. त्याने दोन दिवसांनी दुसरा थर दिला. मग तिसरा.

"डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं ना तीन आठवड्यांनी?" बायको म्हणाली. "आता सहा होत आले."

"त्या काय करणार? माझ्याकडेच पाठवणार. उगाच दोन हेलपाटे. इथे मीच आहे की."

"टोचत असेल हो तिला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आरशासारखी केली आहे. बोट फिरवून बघा."

"चप्पल कितीही चकचकीत असो. चावते ती चावतेच."

तो आता एकेका पाजण्याला तास तास बसत होता. काम निम्म्याचं पावपट झालं. जेवताना तो घास हातात धरून बसायचा आणि बायको म्हणायची, "तो तोंडात घालायचा असतो." पाचचा आकडा कुणी उच्चारत नव्हतं. पण सासूबाईंनी बाजारातून आणलेलं पाच किलोचं पीठ स्वयंपाकघराच्या दाराशी होतं, आणि येता-जाता तिघंही त्या पिशवीकडे बघत. एके सकाळी ती पिशवी डब्यात रिकामी झालेली दिसली. कुणी केली ते कुणी विचारलं नाही.

रविवारी दुपारी सासूबाई बाळाला अंघोळ घालून झबलं घालत होत्या. हात बाहीतून जाईना.

"धुऊन आटलं वाटतं," त्या म्हणाल्या. दुसरं घेतलं. त्याचे बंद पाठीवर जुळेनात. तिसऱ्याचंही तेच.

"तिन्ही एकदम आटली?" लेक म्हणाली. ती ओल्या कापसाने बाळाचं तोंड आतून पुसत होती. पुसता पुसता थांबली. खिडकीकडे वळली, उजेडात बाळाची हनुवटी खाली केली. वरच्या हिरडीवर दोन्ही बाजूंना लालभडक रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी.

"इकडे ये रे."

तो आला. त्याने बघितलं. त्याला आतलं वाचता येत नव्हतं; ओलं, गुलाबी, हलणारं असं काही त्याच्या टेबलावर कधी नसायचं. "दुधाचं असेल," तो म्हणाला. पण आवाज त्याला स्वतःलाच पटला नाही, म्हणून त्याने पिशवीतून साचा काढला. तो दाखवायलाच त्याने घरी आणला होता. प्लेट साच्यावर ठेवली. कडेला दिलेल्या थरांसकट ती वरून अलगद बसली. "हे बघ. केस जाणार नाही मधून. साचा खोटं बोलत नाही."

बायकोने साचा हातात घेतला. रिपोर्टांच्या खिडकीवर सात वर्षं बसून तिला एक सवय लागली होती. लोक थेट आतले आकडे बघतात आणि घाबरतात किंवा खूश होतात. ती आधी वर बघायची, कुणाचा आणि कधीचा. तिने साचा फिरवून कडेची बारीक कोरलेली तारीख वाचली.

"हा कधीचा आहे?"

"कधीचा म्हणजे? तिचाच आहे. आठव्या दिवसाचा."

"आणि आज कितवा?"

त्याने मनातल्या मनात मोजलं. "एक्याऐंशी."

तिने शेजारी पडलेली तीन झबली उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. मग विचारलं, "तुझ्याकडे येतात ती माणसं किती वयाची असतात रे?"

"साठ. सत्तर. काल एक अठ्ठ्याऐंशीचे होते."

"त्यांच्या हिरड्यांचं काय होतं?"

"झिजतात," तो म्हणाला, आणि त्याने मांडीवरच्या झबल्यांकडे बघितलं.

सासूबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. "काय झालं? कुणाच्या झिजल्या?"

"कुणाच्या नाही, आई," लेक म्हणाली. "हिची वाढली. प्लेट लहान पडली, म्हणून वरपर्यंत बसतच नाही. आणि हा भर घालून ती आणखी लहान करतोय."

त्याने प्लेट तळहातावर घेतली. तीन थर नीट दिसत होते, एकाखाली एक, काम अगदी साफ. तो म्हणाला, "म्हाताऱ्यांना टोचलं की ते शिव्या देतात. फेकून मारतात. ही बिचारी ओरडत होती आणि मी घासून घासून चमकवत होतो."

"अहो, तुम्ही मुद्दाम का..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"आई, थांब," लेक म्हणाली. आणि त्याला म्हणाली, "फोन कर. वाईट नंतर वाटून घे."

डॉक्टरीणबाई रविवार असून मापाचं सामान घेऊन घरी आल्या. त्यांनी आत बघितलं, प्लेट बघितली आणि कडेला नख फिरवलं.

"हे थर कुणी दिले?"

"मी."

"कुणी सांगितलं?"

"माझंच काम होतं, म्हणून..."

"काम तुमचं आहे. तोंड तिचं आहे. माझ्याकडे आणायचं ठरलं होतं." त्या रागावल्या होत्या, पण त्याचा चेहरा बघून पुढचं त्यांनी गिळलं. "दोन-तीन दिवसांत जखम बरी होईल. धरा तिला. पालथी, माझ्या हातावर. माप आत्ता घेते."

एकोणीस वर्षं त्याने मापं हातात घेतली होती, पण माप घेताना कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मऊ लगदा बोटावर घेतला आणि बाळाच्या तोंडात दाबून धरला. बाळाचं अख्खं अंग ताठ झालं. "ओरडू दे," त्या म्हणाल्या, "ओरडतेय म्हणजे श्वास चालू आहे." एक मिनिट. त्याने तिचं कपाळ तळहातात धरलं होतं, आणि त्या एका मिनिटात आपण स्वतः श्वास घेतला की नाही हे त्याला नंतर आठवेना. बायको पलीकडे उभी राहून घड्याळ बघून मोठ्याने सेकंद मोजत होती.

माप घेऊन तो थेट खोलीवर गेला. बायको आणि सासूबाई घरी चमच्याने थेंब थेंब दूध घालत बसल्या. दिवेलागणीच्या सुमाराला तो नवी प्लेट घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी वाटेत ती नव्या साच्यावर बसवून पाहिली होती, हिरडीवर दोन ठिकाणी मोकळी सोडायला लावली होती. या वेळी त्याने स्वतःच्या मनाचं काही केलं नव्हतं. जिथे सांगितलं तिथे घासलं होतं.

बाळ उपाशी आणि चिडलेलं होतं. प्लेट तोंडात गेली तशी तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि किंचाळायच्या तयारीने श्वास घेतला. मग बाटलीची चव लागली. एक घोट. थांबली. बापाकडे बघितलं, संशयाने. दुसरा घोट. मग घशाची ती बारीक हालचाल सुरू झाली ती थांबेना. नाक कोरडं राहिलं. सासूबाई नाकाशी बोट नेऊन बघून आल्या, दोनदा.

"आज काही गोष्ट नाही का?" त्या म्हणाल्या.

"आज मला बोलता येत नाहीये, आई," तो म्हणाला. सासूबाई उठल्या आणि त्यांनीच त्या चणे मागणाऱ्या आजोबांची गोष्ट सांगायला घेतली, शेवट त्यांच्या मनाचा लावून.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही साचे शेजारी ठेवून मोजले आणि घरी येऊन सांगितलं, "चार मिलिमीटर."

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, आमच्याकडे अर्ध्या मिलिमीटरवरून माणसं भांडायला येतात."

मग पाच आठवडे. दर सोमवारी तो तिला डॉक्टरीणबाईंना दाखवायला न्यायचा, काही दुखत असो वा नसो, आणि त्या म्हणायच्या, "आता इतकंही नको हो." शनिवारी वजन. चार दोनशे नव्वद. चार चारशे साठ. एका आठवड्यात सर्दी झाली आणि फक्त नव्वद ग्रॅम वाढले. तो आठवडा घरात कुणी नीट झोपलं नाही. चार साडेपाचशे. चार सातशे साठ. बायको दूध काढता काढता डोळे मिटून बसायची. तो तिच्या पाठीशी उशी लावायचा आणि तिच्या तोंडात एकेक घास घालायचा. तो म्हणायचा, "तुझं वजन कुणी विचारत नाही, पण माझं लक्ष आहे."

सर्जन आले तो मंगळवार होता. इस्पितळाच्या बाकावर सासूबाईंनी हळूच सुचवलं, "मोजे असू द्या. आणि टोपीही. थंडी आहे."

"आई, उकडतंय," लेक म्हणाली.

"मग ती प्लेट तरी तोंडात राहू द्या."

"प्लेट चार ग्रॅमची आहे," तो म्हणाला. काट्यावर ठेवण्याआधी त्याने स्वतःच दोरा ओढून ती काढली, मोजे काढले, लंगोटही काढला. काटा हलला, थांबला, बाळाने पाय झाडले तसा पुन्हा हलला.

चार किलो नऊशे चाळीस.

सिस्टरने आकडा लिहिला. तिघंही सर्जनकडे बघत होते. ते मात्र कार्ड बघत होते, टिंबांची रेघ, मधली घसरण आणि पुढची चढण. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट वाचला, छाती ऐकली, तोंडात बोट घालून सगळीकडे फिरवलं. पावशेरने ते बोट चोखायचा प्रयत्न केला.

"इथे काय झालं होतं?" त्यांनी कार्डावरच्या घसरणीवर पेन ठेवलं.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. ती सांगणार नव्हती.

"माझी चूक झाली," तो म्हणाला, आणि काय झालं ते सगळं सांगितलं, तिन्ही थरांसकट.

सर्जननी ऐकून घेतलं. "आणि पाजतं कोण हिला?"

"हाच," बायको म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. दिवसातून आठ वेळा."

"साठ ग्रॅमसाठी मी हिला दोन महिने थांबवणार नाही," सर्जन म्हणाले. "तब्येत उत्तम आहे. गुरुवारी सकाळी आठ वाजता." त्यांनी कागदावर सही केली आणि पुढच्या बाळाला बोलावलं.

सासूबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बायकोने बाळाला छातीशी धरलं आणि तिच्या डोक्यावर गाल टेकला. सिस्टर त्याला बाजूला घेऊन सूचना देऊ लागली. कुठे यायचं, काय आणायचं, कुठे सही करायची. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

"आणि शेवटचं दूध पहाटे चार वाजता. त्यानंतर काही नाही. पाणीसुद्धा नाही."

त्याची मान थांबली. "ऑपरेशन आठला आहे ना?"

"हो. चार तास पोट रिकामं हवं."

"सिस्टर, ती तीन तासांनी उठतेच. सातला उठणार."

"मग घेऊन फिरा."

"दहा मिली? नुसतं तोंड ओलं करायला?"

"एक थेंब नाही."

तो तसाच उभा राहिला. बायको जवळ आली. "काय म्हणाल्या?"

"उपाशी ठेवायचं," तो म्हणाला. "मला जमणार नाही गं. ती माझ्याकडे बघेल."

"बघेल," बायको म्हणाली. "म्हणून चार ते आठ ती माझ्याकडे. तू जिन्यात बसायचंस. आईला सोबत घे, ती तुला गोष्ट सांगेल."

"मला त्यांची गोष्ट पाठ आहे."

"मग तू त्यांना सांग."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून गेले होते. बाळ आईच्या खांद्यावर डोकं घासत कुरकुरायला लागलं होतं. तो सिस्टरकडे वळला आणि जरा संकोचून म्हणाला, "आज तर देता येईल ना?"

"आज द्या की," सिस्टर म्हणाली. "आज हवं तेवढं द्या."